कागदी पेला

हुबळीच्या केशवापुरात गेली वीस वर्षे मी गाणे शिकवितो. वर्गाला येणारी मंडळी बहुतेक रेल्वेच्या किंवा बँकेच्या नोकरीतली, काही दुकानदारांची मुले. घरी कोणी कन्नड बोलतो, कोणी मराठी, कोणी तेलुगू. त्यांतला एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तासभर आधीच येऊन पायरीवर बसला. वास्तविक ती त्याची व्यायामशाळेची वेळ. 'आज जिमला सुट्टी वाटतं?' असे मी सहज विचारले. तो म्हणाला, 'उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, गुरुजी. महिन्याची फी परत दिली.'

या विद्यार्थ्याच्या रक्तात एच.आय.व्ही.चा विषाणू आहे, आणि हे त्याला दहा वर्षांपासून ठाऊक आहे. व्यायामशाळेत त्याने ते कोणास सांगितले नव्हते. पिशवीतून टॉवेल काढताना औषधाची बाटली खाली पडली, ती उचलून देणाऱ्याने तिच्यावरचे नाव वाचले, आणि आठवड्याभरात 'इतर सभासदांची हरकत आहे' असा निरोप आला. भांडण नाही, अपशब्द नाही. फी मोजून परत दिली, एवढेच.

ही हकीकत मी त्याच्या संमतीने लिहीत आहे. त्याचे नाव, वय, नोकरी यांपैकी काही येथे येणार नाही. त्या व्यायामशाळेचे नावही लिहीत नाही. कारण प्रश्न एका व्यायामशाळेचा नाही. तो माझाही आहे, हे आधी कबूल केले पाहिजे.

त्याने मला त्याचे दुखणे सांगितले ते माझ्याकडे येऊ लागल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. मी धीराचे चार शब्द बोललो, पाठीवर हात ठेवला, आणि मोठे मन दाखविल्याच्या समाधानात घरात गेलो. दुसऱ्या दिवशी वर्गानंतर नेहमीप्रमाणे चहा आला. बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यातून, त्याला कागदाच्या. घरात कोणास मी तसे स्पष्ट सांगितले नव्हते. 'त्याला वेगळा दे' एवढेच पुटपुटलो होतो. त्याने तो पेला घेतला, चहा प्याला, पेला चुरगळून स्वतःच्या खिशात घातला आणि 'येतो गुरुजी' म्हणून गेला. खिशात कशासाठी घातला, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. माझ्या घरातल्या केराच्या टोपलीतही तो नको, असे मला वाटत असेल, हे त्याने ओळखले होते.

मी अडाणी नाही. चहाच्या पेल्यातून हा रोग जात नाही, हे मला त्या वेळीही माहीत होते. माहीत असणे आणि हाताने तसे वागणे यांत किती अंतर असते, ते त्या दिवशी समजले. म्हणून त्या व्यायामशाळेच्या मालकांवर मला दगड उचलता येत नाही. परंतु त्यांचे वागणे चूक होते, आणि ते का चूक होते, हे आपल्या संस्थानी शहरातल्या जुन्या घरांपुढे मांडावे असे वाटते. कारण तालीम ही चीज आपल्याइतकी कोणास ठाऊक आहे?

माझे वडील करवीर दरबारचे सारंगिये. अगदी कोवळ्या वयात ते दरबारच्या चाकरीस लागले आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला नाही, दरबार आठवणारा माणूस मात्र रोज पाहिला. आमच्या घराला लागूनच पेठेतली तालीम होती. पहाटे वडील सारंगी लावीत तेव्हा भिंतीपलीकडे जोर-बैठकांचा हुंकार चाललेला असे. तांबड्या मातीला ताक, तेल, हळद पाजल्याचा वास आमच्या माजघरापर्यंत येई. वडील म्हणत, 'तिकडेही तालीम, इकडेही तालीम. शब्द एकच आहे, बाबा.' आणि ते खरेच आहे. अमक्याची तालीम अमक्या खाँसाहेबांकडे झाली असे आम्ही गवई म्हणतो, आणि अमका पैलवान अमक्या तालमीचा असे कुस्तीगीर म्हणतात. दोन्हीकडे अर्थ एक: रोज, थोडे थोडे, कोणाच्या तरी नजरेखाली, वर्षानुवर्षे.

त्या तालमीत कोण येत असे? हमाल येत, सुताराची मुले येत, वकिलाचे चिरंजीव येत. एकाच्या अंगाची माती दुसऱ्याच्या अंगाला लागे. छत्रपती शाहू महाराजांनी पेठापेठांतून तालमींना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले, ते आपण अभिमानाने सांगतो. त्या अभिमानात अंग अंगाला लागण्याची ही गोष्टही येते, हे आपण विसरू नये.

आता त्या दुखण्याकडे वळतो. भारतात या विषाणूचा पहिला शोध १९८६ साली मद्रासेत लागला. तो लावणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉक्टर निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, वेल्लोरला तपासले, आणि आपल्याकडे हा रोग येणारच नाही अशी जी समजूत होती ती मोडली. पुढे १९९३ मध्ये सुनीतीबाईंनी वडिलांच्या नावाने एड्सच्या उपचारांचे आणि संशोधनाचे केंद्र काढले. २०१५ साली त्या वारल्या. सगळे हात आखडून घेत होते तेव्हा एका मराठी बाईने या रुग्णांचा हात हातात घेतला, एवढे या लेखापुरते ध्यानात ठेवावे.

त्या काळात हा रोग म्हणजे झिजणे. १९८५ च्या सुमारास युगांडातल्या लोकांनी त्याला 'स्लिम' हेच नाव दिले होते. माणूस बारीक होत होत संपायचा. विषाणू रक्तातील सी.डी.४ नावाच्या संरक्षक पेशींवर घाला घालतो. त्यांची संख्या घटली की क्षय, अतिसार, बुरशी असे रोग शरीरात घुसतात. ताप आणि उपासमार मिळून स्नायू जाळतात. दंड, मांड्या, गाल जातात. पहिल्या काळातल्या काही औषधांनीही, विशेषतः स्टॅव्ह्युडिनने, चेहऱ्याची आणि हातापायांची चरबी झडत असे. मग औषध घेणारा माणूस औषधामुळेच लांबून ओळखू येई. पुष्कळांच्या मनात एड्सचे जे चित्र आहे ते या दोन गोष्टींनी मिळून काढलेले आहे.

ते चित्र आता जुने झाले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने सहा राज्यांत ही औषधे फुकट देण्यास आरंभ केला. त्या सहांत महाराष्ट्र होता, आमचे कर्नाटक होते, आणि दूर ईशान्येचे मणिपूरही होते. २०१७ पासून विषाणू सापडला की लगेच, संरक्षक पेशींची मोजणी कितीही असो, औषध सुरू करण्याचे धोरण आले. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. तीत तीन औषधे एकत्र असतात. ती नेमाने घेतली की रक्तातील विषाणूंची संख्या इतकी खाली जाते की यंत्राला दिसत नाही. माणूस पूर्ण बरा होत नाही, गोळी जन्मभर घ्यावी लागते. पण मधुमेहाचा माणूस जसा जगतो तसा तो जगतो, काम करतो, म्हातारा होतो.

माझ्या विद्यार्थ्याला क्षयाच्या निमित्ताने हे कळले. क्षय बरा झाला, गोळ्या सुरू झाल्या, पण गेलेले अंग आपोआप परत येईना. माझ्याकडे आला तेव्हा तानपुरा मांडीवर घेऊन पंधरा मिनिटे बसला की पाठ वाकत असे. तान घ्यावयाची तर दम हवा, आणि दमाला बरगड्यांचा व पोटाचा आधार हवा. मी म्हणालो, 'आधी अंग कमव, मग तान.' तेव्हा मला त्याचे दुखणे ठाऊक नव्हते. त्याने डॉक्टरांना विचारले, डॉक्टरांनी होकार दिला, आणि तो जिमला जाऊ लागला. म्हणजे त्या दारात त्याला पाठविणारा मीच.

आजारी माणसाने वजने उचलावीत काय, अशी शंका घरोघर येते. आपल्याकडे आजारपण म्हणजे पेज आणि पांघरूण. ताप असताना, क्षय अंगात असताना, अशक्तपणा फार असताना विश्रांतीच हवी, हे खरे. परंतु दुखणे आटोक्यात आल्यावरचे पांघरूण हे औषध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत एच.आय.व्ही. असलेल्या प्रौढांचा स्वतंत्र उल्लेख आहे: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे चालण्यासारखा मध्यम व्यायाम, आणि त्याखेरीज आठवड्यातून दोन किंवा अधिक दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. त्याची कारणेही समजण्यासारखी आहेत. झिजलेला स्नायू ओझ्याशिवाय परत येत नाही. या गोळीतील टेनोफोव्हिर हे औषध हाडे थोडी विरळ करू शकते, आणि हाडांना बळ देणारी साधी गोष्ट म्हणजे त्यांच्यावर वजन पडणे. काहींचे वजन नव्या औषधांनी उलट वाढते, साखर आणि चरबी वाढते. त्यावरही उपाय हाच.

हे सारे कोठवर जाऊ शकते याचा दाखला मणिपुरात आहे. खुंद्राकपाम प्रदीपकुमार सिंग या तरुणाला २००० साली आपल्याला एच.आय.व्ही. असल्याचे कळले. अमली पदार्थांच्या सुईतून तो आला होता. अंग पार खंगले होते. त्यातून उठून तो वजने उचलू लागला, २००७ साली 'मिस्टर मणिपूर' झाला, आणि आपले दुखणे त्याने लपवून ठेवले नाही. पुढे देशाबाहेरच्या स्पर्धांतूनही त्याने पदके आणली. शरीरसौष्ठवाच्या मंचावर लंगोटाखेरीज काही नसते. लपवायला जागा नाही. तेथे उभे राहून त्याने लोकांच्या डोळ्यांतले ते जुने चित्र पुसले.

माझा विद्यार्थी काही 'मिस्टर' नव्हे, आणि त्याला तसे व्हावयाचेही नाही. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. पहिले दोन महिने नुसत्या काठीने बैठका. मग पाच किलो, मग साडेसात. मला ते आमच्या खर्जाच्या रियाजासारखे वाटले. गवई पहाटे एकच 'सा' धरून बसतो. महिनाभर काही घडल्यासारखे वाटत नाही, आणि एके दिवशी आवाज आपोआप उभा राहतो. त्याचेही तसेच झाले. वर्षभराने तानपुरा मांडीवर ताठ उभा राहू लागला, आणि विलंबित ख्यालात पूर्वी जेथे सम गाठण्याआधी श्वास तुटे, तेथे तो सहज पोहोचू लागला.

एक गोष्ट मात्र मी त्याला बजावली होती, ती प्रत्येक गाणाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. जड वजन उचलताना माणूस श्वास कोंडतो. त्या वेळी गळ्यातील स्वरतंतू एकमेकांवर घट्ट आवळले जातात. रोज असे आवळून गळा बसतो. म्हणून उचलताना श्वास सोडावा, खाली आणताना घ्यावा, आणि हुंकार देऊ नये. आमच्या जुन्या तालमीतला हुंकार ऐकायला भारदस्त. गवयाच्या कामाचा नाही.

दोन गोष्टी त्याच्या डॉक्टरांनी बजावल्या. जिममध्ये डब्यांतून ज्या पुडी मिळतात त्यांतल्या कित्येकींत कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त असते. ही द्रव्ये नव्या गोळीतील डोल्युटेग्रॅव्हिर या औषधाला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात पुरते उतरू देत नाहीत. तेव्हा गोळी आधी घेऊन दोन तासांनी अशी पूड घ्यावी, किंवा पूड घेतली असल्यास सहा तास थांबून गोळी घ्यावी. दुसरे, क्रिएटिन नावाच्या पुडीने रक्तातील क्रिएटिनिनचा आकडा वाढतो. डोल्युटेग्रॅव्हिरनेही तो थोडा वाढतो. आणि मूत्रपिंडाची परीक्षा डॉक्टर त्याच आकड्यावरून करतात. काय खातो ते डॉक्टरांना न सांगितल्यास उगीच घबराट, किंवा खरी बाधा असल्यास गफलत. सर्वांत बरे म्हणजे डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे. आमच्या पैलवानांचा खुराक काही डब्यातून येत नव्हता.

आता भीतीचा विचार करू. ती खोटी म्हणून झटकून टाकल्याने जात नाही. तिला नीट उत्तर द्यावे लागते.

घामातून एच.आय.व्ही. जात नाही. थुंकीतून, हात लावल्याने, एका बाकावर झोपून वजन उचलल्याने, एका टॉवेलाने, एका पेल्यातून जात नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, दूषित सुईतून, आणि आईकडून मुलाला जातो. मग कोणी म्हणेल, 'हात सोलला, रक्त आले, तर?' या प्रश्नावरूनच अमेरिकेतल्या मॅजिक जॉन्सन या बास्केटबॉलपटूला खेळ सोडावा लागला होता. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपले दुखणे जाहीर केले. १९९२ मध्ये ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी व्यावसायिक सामन्यांत परतण्याची तयारी केली, तेव्हा बरोबरच्या काही खेळाडूंनी खरचटण्याची भीती बोलून दाखविली आणि तो पुन्हा बाजूला झाला. १९९६ साली तो परत मैदानात उतरला. खेळातून कोणाला काही झाले नाही. आज तो पासष्टी ओलांडून ठणठणीत आहे.

रक्त आले तर काम थांबवावे, जखम बांधावी, बाक पुसावा. हा नियम चांगलाच आहे. पण तो सर्वांना हवा, कारण कावीळ 'ब' चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात सात दिवससुद्धा तग धरतो, आणि तो कोणाच्या अंगात आहे हे कपाळावर लिहिलेले नसते. एच.आय.व्ही. त्या मानाने फारच दुबळा. शरीराबाहेर तो लवकर निकामी होतो. शिवाय नेमाने औषध घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू यंत्रालाही सापडत नाही. अशा माणसाकडून शरीरसंबंधातूनसुद्धा जोडीदाराला लागण होत नाही, हे मोठ्या अभ्यासांनी सिद्ध झाले आहे; २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अशाच एका पायाभूत अभ्यासात आपल्या पुण्याची जोडपीही होती. जेथे संबंधातून लागण नाही तेथे डंबेलमधून काय होणार?

आणि गमतीची नव्हे, खेदाची गोष्ट पाहा. ज्याने रक्त तपासले, औषध घेतले, त्याला आपण बाहेर काढले. ज्यांनी कधी तपासलेच नाही ते आत राहिले. म्हणजे भीतीच्या हिशेबानेही हा व्यवहार उलटा झाला. यातून बाकीचे एवढेच शिकतात की तपासू नये, आणि तपासले तर लपवावे.

व्यायामशाळेत खरी भीती बाळगायची तर सुईची बाळगा. झटपट अंग भरावे म्हणून काही मुले संप्रेरकांची इंजेक्शने घेतात, एकाच सुईवर दोघे-तिघे भागवितात. एच.आय.व्ही., कावीळ 'ब', कावीळ 'क' या तिन्ही गोष्टी त्या सुईतून जातात. घामाला भिऊन एका माणसाला बाहेर काढणाऱ्या किती व्यायामशाळांत सुईविरुद्ध पाटी आहे, हे ज्याने त्याने आपापल्या गावी पाहावे.

एक आक्षेप उघड कोणी बोलत नाही, पण मनात असतो, आणि आपल्यासारख्या जुन्या घरांत तर हमखास. 'त्याला हे झाले कसे?' मी हे त्या मुलाला कधी विचारले नाही, आणि वाचकांनीही विचारू नये. जन्मतःच आईकडून मिळालेले कितीतरी जण आज औषधावर वाढून तरुण झाले आहेत. नवऱ्याकडून मिळालेल्या बायका आहेत. सुईतून मिळालेले आहेत. आणि ज्यांना स्वतःच्या वागण्यातून मिळाले, त्यांनाही पाठीचा कणा आहे, त्यालाही स्नायूंचा आधार लागतो. हृदयविकाराच्या रोग्याला 'विड्या किती ओढल्यात' हे विचारून मग आपण जिना चढू देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे: 'निदान त्याने आधी सांगायला हवे होते.' कायदा याचे उत्तर देतो. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार आपले दुखणे उघड करण्याची सक्ती सहसा कोणावर करता येत नाही, आणि या कारणावरून नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करता येत नाही. लोकांसाठी खुल्या असलेल्या सोयी, मग त्या फी घेऊन दिलेल्या असोत वा फुकट, नाकारता येत नाहीत. त्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते अशी यादी आहे. ही यादी वाचून मला आश्चर्य वाटले. एका रोगाच्या कायद्यात विहिरी आणि घाट कशाला? मग ध्यानात आले की हे शब्द आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदातून आले आहेत. तेथे ते जातीच्या भेदभावाविरुद्ध लिहिलेले आहेत. कायदा करणाऱ्यांनी दुखणे नवे असले तरी त्याच्याभोवतीची वागणूक जुनीच आहे हे ओळखले.

आणि येथे मला कोल्हापूर आठवते. गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठबळावर चहाचे दुकान काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण, असा प्रश्न होता. शाहू महाराज स्वतः त्या दुकानाशी गाडी थांबवीत आणि चहा घेत. बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावा लागे. १९१९ साली त्यांनी सार्वजनिक जागांतून शिवाशीव पाळण्यास हुकुमाने बंदी केली. पण हुकुमाइतकाच तो पेला उपयोगी पडला असावा. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली, वर्गात मुलांना सांगितली, आणि माझ्या स्वतःच्या घरात एका मुलाला कागदी पेला दिला.

जिमची गोष्ट कळल्यावर मी त्याला म्हणालो, 'चल, मी येतो मालकांकडे. कायदा दाखवतो.' तो म्हणाला, 'नको गुरुजी. तुम्ही भांडून मला परत आत न्याल. मग मी ज्या बाकावर बसेन तो बाक रिकामा होईल. आणि उरलेल्या गावालाही कळेल.' त्याचे म्हणणे खरे होते. कायदा दार उघडू शकतो. शेजारच्या बाकावर माणूस बसवू शकत नाही. ते आपण बसावयाचे असते.

म्हणून ही विनंती त्याच्यासाठी नसून आपल्यासाठी आहे. या पानाच्या वाचकांपैकी कित्येक घरांचा कोणत्या ना कोणत्या तालमीच्या, व्यायाम मंडळाच्या कारभाराशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे. कोणी अध्यक्ष आहे, कोणी विश्वस्त, कोणाच्या आजोबांनी जागा दिली आहे. त्यांनी आपल्या मंडळात एक साधी पाटी लावावी: जखम झाकून यावे, रक्त आल्यास थांबून पुसावे, टॉवेल आपला आपण आणावा, सुई आढळल्यास सभासदत्व रद्द, आणि कोणाच्या दुखण्याची चौकशी येथे होणार नाही. हे पाच नियम सगळ्यांना सारखे. अशी पाटी कोणा एका रुग्णासाठी नसते, म्हणून ती वाचून कोणाचे बिंग फुटत नाही. आणि ज्याला ती वाचून हायसे वाटेल, तो आपल्या तालमीत आजही असेल. फक्त आपल्याला ठाऊक नाही.

तूर्त तो मुलगा माझ्या वर्गाच्या मागच्या अंगणात व्यायाम करतो. कोल्हापुराहून आणलेली वडिलांची करेलांची जोडी माझ्याकडे पडून होती. लाकूड अजून घट्ट आहे. सुरुवातीला तो एकटाच फिरवीत असे. गेल्या दिवाळीपासून वर्गातली आणखी दोन मुले त्याच्याबरोबर फिरवू लागली आहेत. त्याचे दुखणे त्यांना माहीत आहे की नाही, हे मला माहीत नाही, आणि मी विचारलेले नाही.

त्याने एकदा मला विचारले होते, 'दुखण्यातून उठलेल्या अंगाला गाणं येतं का, गुरुजी?' मी त्याला आमच्या गावच्या गंगूबाई हनगलांची गोष्ट सांगितली. घशाच्या दुखण्यानंतर त्यांचा मूळचा बारीक आवाज गेला आणि भरदार, पुरुषी म्हणावा असा आवाज आला. जुना आवाज परत येण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत. आला त्या आवाजावर मेहनत केली, आणि जगाने ऐकली ती त्याच आवाजातली गंगूबाई.

व्यायाम आटोपला की तिघेही पायरीवर बसतात आणि आतून चहा येतो. चार पेले, स्टीलचे. परत गेले की ते एकत्रच घासले जातात, आणि कोणता कोणाचा हे दुसऱ्या दिवशी कोणास सांगता येत नाही.